दोन गाण्याच्या मधात

मशीनले शिव्या द्याच्या असन तर माह्या ओट्यावर येऊन बसू नका, आधीच सांगून ठेवतो. मशीननं जे कराले पाह्यजे थेच केलं. चैतू डायवरनं जे कराले पाह्यजे थेच केलं. ज्यानं कराचं थे केलं नाई असा त्या वरातीत एकच माणूस होता, अन् त्याच्या डोक्श्यावर गुलाबी फेटा होता.

थो फेटा अजून आमच्या घरी खुटीवर लटकून आहे. बायको थो धूत नाई अन् फेकतबी नाई. म्हणते, "राहू द्या. दिसत राह्यला पाह्यजे."

तर माहं नाव पत्रू. दीपिका साउंड सर्व्हिस माहीच. पिकअप गाडीवर आवाजाचे डबे बांधतो अन् मूल गावापासून पार वैनगंगेच्या काठापर्यंत लगनं वाजवतो. दीपिका माही पोरगी. तिच्या नावानं साउंड काढला. मंग पोरीचं लगन झालं, थे गेली माजरीले, साउंड राह्यला माह्यापाशी. लोकं विचारते, दीपिका कशी आहे, तर मले आधी विचारा लागते, पोरगी का डबे.

जवाईबापू माजरीले कोळसा खाणीत आहेत. निकेश नाव. माणूस सोन्यासारखा, हे मी पह्यलेच सांगतो, कारण हे थे बी वाचतीन. उन्हाळ्यात आले अन् माह्या पुढ्यात एक मशीन ठेवली. पाटीएवढी, काळी, चकचकीत.

"मामाजी, तुमचा खांदा दुखते ना? आता हात लावाचं कामच नाई. गाणे याच्यात भरून ठेवले. हे 'ऑटो'चं बटण दाबा. कोणत्या गाण्याचा ठेका कोणाले लागते थे आपणच पाह्यते, आपणच जोडते."

"अन् मी काय करू?"

"तुमी बसा ना."

बसा म्हणणं सोपं आहे. एवढ्या वर्षात मले गाडीवर कोणी बस म्हटलं नोहोतं. उतर म्हटलं होतं, थे पोलिसांनं.

जवाईबापूनं दोन गाणे जोडून दाखवले. मी कान लावून बसलो, पण जोड कुठी आहे थे काई सापडलं नाई. सुतारानं दुसऱ्याच्या पाटावर हात फिरवावा अन् सांधा लागू नये, तसं झालं. रातची भाकर तशीच ठेवली. बायको म्हणे पित्त आहे.

"अन् मामाजी, गाणं अटकलं, खाली, रिकामं गेलं, असं वाटलं का थे थोडी वाट पाह्यते अन् आपणच दुसरं लावते. शांतता म्हणजे बिघाड. एक मिनिट खाली जाऊ देत नाई."

मी मान हलवली. जवाई सांगत असला का सासऱ्यानं मान हलवाची असते. ऐकाची नसते.

आता पेच असा पडला का जवाईकडून सासऱ्यानं वस्तू घेतली. आमच्याकडे सासऱ्यानं द्याचं असते, जवाईनं घ्याचं असते, अन् मंग रुसाचं असते. उलटं झालं तर काय कराचं हे कोणाले माहीत नाई, म्हणून साऱ्या गावानं सांगतलं. कोणी म्हणे वापस करा, कोणी म्हणे सव्वापट मोठी वस्तू द्या, कोणी म्हणे पोरीच्या नावाचाच साउंड आहे, तिच्या नवऱ्यानं तिलेच देल्लं असं समजा. रिचार्जच्या दुकानातला सुनिल म्हणे, "भाऊ, ठेवून द्याल तर जवाई रुसन. वापराच लागते. अन् शहरातल्या क्लबातले मोठमोठे डीजेबी आता हेच लावते. थे वरतून फक्त हात हलवते."

"हात हलवाचे पैसे भेटते?"

"हात हलवाचेच भेटते."

मले सोमाजीभाऊ आठवला.

सोमाजीभाऊ म्हणजे आमच्या गावचा धुमालवाला, वरातीत ढोलताशे वाजवणारा. ढोल त्याच्या गळ्यात जन्मापासून होता असं लोकं म्हणत. मी डीजे आणला अन् त्याचा धुमाल बसला. त्यानं राग धरला नाई, टोमणे धरले. मी गाडी घेऊन त्याच्या दारापुढून निघालो का ओट्यावरून म्हणे, "पत्रू, तुह्या कामाले हात लागत नाई रे. बोट लागते." आता माह्या तोंडी मशीनसाठी थेच आलं होतं. त्याले सांगाचं राहूनच गेलं. बम हासला असता.

पण गंमत पाहा, माही पह्यली वरात फसली तवा शिकवलं त्यानंच. एका चौकात लोकं नाचून राह्यले, नाचून राह्यले, पुढं कोणी सरकेच ना. मांडवात वरणभात थंडा. सोमाजीभाऊ गाडीपाशी आला अन् म्हणे, "वाजवाले कोणीबी वाजवते. तोडाले शीक. वरात गाण्यात नाई चालत पत्रू, दोन गाण्याच्या मधात चालते."

तेवढं कळाले मले लय लगनं लागले. गाणं सुरू असते तवर माणूस जाग्यावरच नाचते. गाणं तुटलं का घाम पुसते, बाया लेकरं वढते, घोडा चार पावलं टाकते, अन् सारं गाव गपचूप पुढं सरकते. लोकाच्या आंगातला ठेका थंडा होण्याच्या आधी दुसरं गाणं टाकाचं. लवकर टाकलं तर वरात सरकत नाई, उशिरा टाकलं तर लोकं पानठेल्यावर जाते. कुठी तोडाचं, किती वेळ खाली ठेवाचं, हे कुठं लिहून नाई. माहा हुनर म्हणसान तर एवढाच. बाकी बोटच.

माहा डायवर चैतू. त्याले मी एकच कायदा शिकवला होता: गाणं तुटलं का गाडी सोड, गाणं लागलं का ब्रेक दाब. चैतू गाडी डोळ्यानं नाई, कानानं चालवते. पुढं बैल उभा असला तर एकवेळ दिसणार नाई, पण गाणं कवा तुटलं थे झोपेतबी सांगन.

तर या उन्हाळ्यात सोमाजीभाऊ गेला. सकाळी चहा पेला, ओट्यावर टेकला, उठलाच नाई. अन् त्याच आठवड्यात गुणवंतरावाच्या पोरीचं, ज्योत्स्नाचं लगन. पत्रिका वाटून झालेल्या, वराती चंद्रपुरावून येणार, कसं थांबवाचं? गुणवंतराव अन् मी गुणाबाईकडे गेलो. सोमाजीभाऊची बायको. भिताडाले टेकून बसली होती.

म्हणे, "पोरीचं लगन आहे, वाजवा ना. यायनं जिंदगीभर थेच केलं. माह्या दारापुढून जाल तेवढं बंद ठेवा."

आता मयताच्या घरापुढून वाजत कोणी जातच नाई, थे सांगा लागत नाई. पण तिनं तोंडानं मांगतलं. मी म्हटलं, "बाई, तुमच्या आंगणात कोंबडी चालन तर तिची पावलं ऐकू येतीन. माहा शबुद."

"तुमी आहा तर मले घोर नाई," म्हणे.

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी तर ठेवूनच आहो.

मंग परवानगीचं लागलं. ठाण्यात जमादार म्हणे, गाव जंगलाले लागून आहे, वनखात्याची सही आणा. नाक्यावरचा गार्ड म्हणे, "तुमच्या डीजेनं वाघ गावात येते का गावातून जाते, हे आमाले अजून वरून कळलं नाई. सही कशी करू?" मी म्हटलं वाघालेच विचारून येतो. शेवटी त्यानं लिहून देल्लं का वाघाले तरास झाल्यास जिम्मेदारी अर्जदाराची. थो कागद घेऊन वापस ठाण्यात गेलो.

"ऑपरेटर कोण?" जमादार विचारते.

माही छाती थोडी फुगलेली होती. म्हटलं, "साहेब, औंदा मशीन वाजवते. आपणच."

त्यानं पेन खाली ठेवला. "मशीनवर गुन्हा टाकता येत नाई. माणूस सांगा."

"मंग पत्रू लिहा."

"वाजवणार मशीन अन् गुन्हा तुमच्यावर?"

"असंच दिसते, साहेब."

लगनाच्या दिवशी जवाईबापूनं स्वताच्या हातानं मशीन गाडीवर बसवली. मी म्हटलं, आता डब्याच्या मागं माही खुर्ची टाकतो. तेवढ्यात गुणवंतराव फेटा घेऊन आला. "पत्रूभाऊ, आज तुमाले काम नाई. आज तुमी मानकरी. नवरदेवासंगं चला."

माणसाचं कसं असते बाप्पा. सारी जिंदगी मी लोकाच्या वरातीत धूळ खाल्ली. कोणी मले फेटा बांधला नोहोता. बांधाले कोणी उभं राह्यलं का माणूस मान पुढं करतेच. मी केली. बायको बायामधून पाहून राह्यली होती, म्हणून जरा जास्तच ताठ केली.

गोरज मुहूर्त होता. शाळेपासून मारोतीच्या देवळापर्यंत झकास गेलं, कारण रस्ता मोठा, अन् लोकाले अजून जोर नोहोता आला. देवळात नवरदेव पाया पडाले गेला तवा मी गाडीवर चढलो अन् मशीनचं थांबाचं बटण दाबलं. देवळाच्या मागच्या वळणावरच सोमाजीभाऊचं घर. तिथून चुपचाप काढाचं अन् पुढच्या चौकात सुरू कराचं, असा बेत. मशीन बंद झाली. मी फेटा सांभाळत उतरलो अन् नवरदेवाच्या घोड्यापाशी जाऊन उभा राह्यलो. गाडीवर कोणी नाई. जवाईबापू म्हणालेच होते, कोणी लागत नाई.

चैतूनं गाडी सोडली. गाडी पुढं, मागं पोट्टे, मंग घोडा, घोड्यापाशी मी. सारे चुपचाप. गुणाबाईच्या आवाराच्या काट्याच्या कुपाले लागलो. लोकं चपला वाजू न देता चालून राह्यले होते. मी मनात म्हटलं, पाहा सोमाजीभाऊ, शबुद म्हणजे शबुद.

अन् मशीनले वाटलं बिघाड आहे.

तिनं थोडी वाट पाह्यली असन. मंग आपणच गाणं लावलं. साधं नाई, हळदीत नवऱ्या मुलाचे मामे लोळते थे गाणं. गाणं लागलं तसा चैतूनं ब्रेक दाबला. गाडी गुणाबाईच्या आवाराच्या त्या टोकाले, मी या टोकाले, अन् मधात, बरोबर तिच्या दारापुढं, चंद्रपूरचे पोट्टे. त्याईले काय माहीत कोणाचं घर अन् कोण गेलं. नाचाले लागले.

मी ओरडलो. पण थे डबे मी स्वता बांधलेले. त्याच्यापुढं माणसाचा आवाज जाऊ नये म्हणूनच बांधलेले. बाजूच्याले ऐकू आलं नाई. मंग मी दोन्ही हात वर करून 'थांबा' केलं. सारे पोट्टे दोन्ही हात वर करून नाचाले लागले. मी जेवढे हात हलवो तेवढे थे हलवत. सुनिल म्हणे थे क्लबातलं काम, थे मी त्या दिवशी फुकटात केलं.

जवाईबापू दिसले. गावचा जवाई म्हणून कोणीतरी खांद्यावर घेतलेले, डोळे मिटून, तोंड आभाळाकडे. म्हटलं, हा जोड तुटन, मंग सरकन. जोड तुटलाच नाई. एक गाणं दुसऱ्यात गेलं, दुसरं तिसऱ्यात, कवा गेलं थे मलेबी कळलं नाई अन् चैतूलेबी. बिचारा ब्रेकवर पाय ठेवून बसून होता, कान लावून, का आता तुटन. गल्ली एवढी का बकरी फिरणार नाई. घुसलो तर एका मामानं माहा हात धरून मलेच नाचवलं. "अरे पत्रूभाऊ, आज तर सोडा लाज."

एकच रस्ता होता. माह्या बाजूले गुणाबाईच्या आवाराचं फाटक. आवारातून घरात, घरातून मागच्या दारानं बाहेर, अन् मागच्या बोळीतून गाडीच्या तोंडापाशी.

गेलो. मयताच्या घरात मी गुलाबी फेटा घालून गेलो.

आत दिवा लागून होता. चार-पाच बाया भिताडाले टेकून. गाण्यानं पितळीतला गिलास थरथरून राह्यला होता. साऱ्या माह्याकडे पाहून राह्यल्या. मी हात जोडले. म्हटलं, "बाई, मागच्या दारानं जाऊ द्या. बंद कराले चाललो."

गुणाबाईनं मले वरून खालपर्यंत पाह्यलं. राग नाई, काई नाई. म्हणे, "जा. फेटा काढून जा. चौकट बसकी आहे, यायचं डोकं रोज लागे."

मी ऐकलं नाई. म्हणजे ऐकलं, पण हात जोडलेलेच होते. चौकट अशी लागली का डोळ्यापुढं काजवे, अन् त्या काजव्यातच मी पुढं पाय टाकला. मागं उकिरडा. कंबरेपर्यंत गेलो. निंघालो. बोळीतून पळत गाडीवर चढलो. मशीनवर पांढरा उजेड, इंग्रजीत काईतरी विचारून राह्यली. एक बटण दाबलं तर आकडे मांगे. आकडे जवाईबापूले माहीत, अन् जवाईबापू आभाळात.

मी डब्याची मोठी वायर धरली अन् उपटली.

त्याले हुनर लागत नाई. बोटबी लागत नाई. मूठ लागते.

असं शांत झालं का काय सांगू. पोट्टे हात वर केलेले तसेच उभे. मंग गावातल्या बाया डोक्श्यावर पदर घेऊ लागल्या, कोणीतरी चंद्रपूरवाल्याच्या कानात सांगतलं, अन् एकेक हात खाली आला. गुणाबाईच्या आंगणात एक कोंबडी चालून राह्यली होती. तिची पावलं ऐकू आली. शबुद पुरा झाला, पण बम उशिरा.

अन् चैतूनं गाणं तुटलं म्हणून गाडी सोडली. मी शेणानं भरलेला, वायर हातात धरून, गाडीवर उभा. खाली साऱ्याईच्या माना खाली. वरात सरकली. एवढी चांगली सरकलेली वरात मी जिंदगीत पाह्यली नाई.

चौकात आल्यावर वायर लावली. मशीननं नव्यानं सुरू नाई केलं. गाण्याच्या मधातूनच आवाज आला. थे आतल्या आत वाजवतच होती. तिच्या हिशोबानं काई झालंच नोहोतं.

मुहूर्त गेला, दिवा लावून लगन लागलं, भात लागला. पण दुसऱ्या दिवशी ऐकतो तर काय? असी वरात गावात झालीच नाई म्हणे. न थांबता नाचलो म्हणे. चंद्रपूरवाल्याईनं तिथूनच दोन लगनं सांगून टाकले, 'थेच मशीन पाह्यजे' म्हणून. गुणवंतराव पान लावत म्हणे, "पत्रूभाऊ, एक नंबर. मधात एकदा बंद पडलं, तेवढं पाहून घ्या."

जवाईबापू तर तोंड एवढंसं करून आले. "मामाजी, बिघाड कसा आला समजून नाई राह्यलं. दुकानवाल्याले विचारतो."

मी म्हटलं, "जवाईबापू, थो बिघाड मी होतो."

त्याईले वाटलं मी त्याईची बाजू घेऊन राह्यलो. डोळ्यात पाणी आलं त्याईच्या. आता अशा माणसाले काय म्हणाचं.

तेरवीले गेलो. पंगत उठली तरी मी बसूनच होतो. गुणाबाई पाणी घेऊन आली.

"मनाले लावून नका घेऊ, भाऊ. यायले थे गाणं आवडलंच नसतं. बेठेक म्हणत."

"हो," मी म्हटलं.

"तुमी तोडलं तवा मी आतून म्हटलं, आता सरकन वरात." माह्या हाती गिलास देल्ला. "पण भाऊ, तुमी शबुद देल्ला होता."

मी गिलास खाली ठेवला. काऊन का तिनं हे टोमण्यानं म्हटलं असतं तर मी उत्तर देल्लं असतं. तिनं साधंच म्हटलं. सोमाजीभाऊ असता तर त्यानं टोमणा मारून सोडवलं असतं मले.

घरी येऊन मी जवाईबापूले फोन लावला. म्हटलं, मशीनमधी एक खाली गाणं भरून द्या. ज्याच्यात काईच नाई वाजत. थे दोन गाण्याच्या मधात टाकीन, वरात सरकन. त्याईले पटलं नाई, पण सासरा म्हणते म्हणून भरून देल्लं. लावून पाह्यलं. मशीननं थे गाणं घेतलं, पाह्यलं, अन् सोडून पुढचं लावलं. खाली आहे म्हणे. बायको चुलीपासून म्हणे, "मशीनलेबी कळते, कशात काई नाई थे."

खुर्ची मी आता गाडीवर ठेवली आहे. फेटा कोणी घेऊन आलं तर खांदा दुखते म्हणतो. जोड मशीन लावते, माह्यापेक्षा चांगला लावते, खोटं कशाले बोलू. मी वायर धरून बसतो. चौकात उपटतो, चैतू गाडी सोडते, वरात सरकते, वापस लावतो. लोकं ओरडते, "ओ पत्रूभाऊ, बंद पडलं." मी म्हणतो, "होते, होते." हुनराचं असं झालं आता. पह्यले लोकाले दिसत नोहोता, आता बिघाड म्हणून दिसते.

अन् मारोतीच्या मागचं वळण आलं का तर उपटतोच. गुणाबाईच्या घरचं सुतक कवाचं फिटलं. थे आता ओट्यावर बसून असते, वरात पाह्यते. बंद कराचं काई कारण नाई. तरी आवार पार होत नाई तवर लावत नाई.

परवा सुनिलनं आवाज देल्ला. म्हणे, "भाऊ, तुमच्या डीजेची वायर सोमाजीच्या घरापाशीच लूज होते. एकदा नीट करून घ्या ना."

मी म्हटलं, "करतो."